एका डेस्कटॉपची रॅम दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये बसवताना

जुना संगणक कोपऱ्यात पडून आहे आणि रोजच्या कामाचा संगणक ब्राउझरचे चार टॅब उघडले की धापा टाकतो. जुन्यातली रॅम (चालू काम तात्पुरतं ठेवणारी मेमरी) काढून यात घालावी असं मनात येतंच, आणि ते योग्यच आहे. डेस्कटॉपमधल्या सगळ्या भागांमध्ये रॅम काढायला आणि बसवायला सर्वांत सोपी. फिरणारा किंवा घासणारा एकही भाग तिच्यात नसतो, त्यामुळे बाकीचा संगणक थकला तरी ती बहुधा धडधाकट असते.

हातांचं काम दहा मिनिटांचं आहे. वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर. आधी ही रॅमची पट्टी त्या मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड) चालेल का, हे बघण्यात आणि नंतर स्क्रीन काळीच राहिली तर दोष कशात आहे, हे शोधण्यात. माझा स्वतःचा एक अख्खा रविवार असाच गेला आहे. जुन्या संगणकातली पट्टी नव्यात घातली, डिस्प्ले आला नाही, म्हणून स्लॉट (पट्टी बसवायच्या जागा) बदलले, बायोस (संगणक सुरू करणारं, बोर्डवरच साठवलेलं सॉफ्टवेअर) रीसेट केलं, बोर्डवरची बॅटरीही बदलली. संध्याकाळी कळलं की ती पट्टी मुळातच खराब होती. काढण्याआधी जुन्या संगणकात एकदा तपासली असती तर हे सगळं टळलं असतं. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधी ती चालू होती हे डोळ्यांनी पाहून घ्यायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच नियमावर उभ्या आहेत.

एक खुलासा आधीच करतो, कारण मेमरी काढली तर फाइली जातील का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. मेमरी म्हणजे इथे रॅम. तुमचे फोटो आणि फाइली हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतात. रॅमबरोबर त्या हलत नाहीत आणि पुसल्याही जात नाहीत.

पहिली पायरी: पिढी जुळते का

रॅमच्या पिढ्या (डीडीआर२, डीडीआर३ अशा नावांच्या) एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ जात नाही आणि उलटही नाही. यात मधला मार्ग नाही आणि कुठलं अॅडॉप्टर शोधत बसण्यातही अर्थ नाही. प्रत्येक पिढीचं व्होल्टेज वेगळं आहे: डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. पिनांची संख्या मात्र फसवू शकते. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही २४० पिनांच्या, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही २८८ पिनांच्या. लांबीही सारखीच. फरक असतो तो खालच्या सोनेरी कडेतल्या खाचेच्या जागेत. ती खाच मुद्दाम सरकवलेली असते, म्हणजे चुकीची पट्टी स्लॉटमध्ये उतरूच नये. डीडीआर४ ओळखायची आणखी एक खूण आहे. तिची सोनेरी कड सरळ नसून मध्यभागी किंचित फुगीर असते.

कॅबिनेट न उघडताही पिढी कळते. विंडोज १० किंवा ११ असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे वेग, एकूण स्लॉट आणि भरलेले स्लॉट दिसतात. सीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर याहून नेमकं आहे. त्याच्या एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या पट्टीचा प्रकार, आकार, वेग आणि व्होल्टेज वेगवेगळं दिसतं. लिनक्सवर हीच माहिती डीएमआयडीकोड या आज्ञेने मिळते. दोन्ही संगणकांवर हे बघा आणि कागदावर शेजारी शेजारी लिहून घ्या. मनातल्या मनात तुलना करताना चूक होते.

दोन संगणकांच्या वयावरूनही अंदाज बांधता येतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) फक्त डीडीआर४ चालते, एएम५ वर फक्त डीडीआर५. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीच्या प्रोसेसरला मात्र दोन्ही चालतात आणि निर्णय मदरबोर्डचा असतो, त्यामुळे तिथे बोर्डचं मॉडेल पाहिल्याशिवाय काही ठरवू नका.

पट्टीवरचं लेबल

लेबलवर पीसी३-१२८०० किंवा पीसी४-२४००टी असं काहीतरी छापलेलं असतं. पीसीनंतरचा एक आकडा पिढीचा. पुढचा मोठा आकडा दोन पद्धतींनी लिहितात. पीसी३-१२८०० मध्ये तो सेकंदाला किती मेगाबाइट जातात हे सांगतो. त्याला ८ ने भागलं की १६०० हा ओळखीचा वेग मिळतो. त्याच हिशेबाने पीसी४-१९२०० म्हणजे २४०० आणि पीसी४-२५६०० म्हणजे ३२००. नव्या लेबलांवर थेट २४०० किंवा ३२०० लिहिलेलं असतं.

वेग वेगळा असला म्हणून काम अडत नाही. वेगवान पट्टी हळू पट्टीच्या वेगाने चालते, आणि प्रोसेसर त्याहून हळू असेल तर सगळ्याच त्याच्या वेगाने. उदाहरणार्थ, इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरवर १६०० ची डीडीआर३ पट्टी १३३३ वर चालेल आणि त्यात बिघडण्यासारखं काही नाही. ४ जीबीचे ८ जीबी होण्यातून जो फरक पडतो, त्यापुढे वेगातला हा फरक रोजच्या कामात जाणवतही नाही.

अडतं ते इतर तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे सर्व्हरची रॅम. लेबलवर आर हे अक्षर वेगाच्या आकड्यांनंतर आलं असेल, किंवा रजिस्टर्ड असा उल्लेख असेल, तर ती साध्या डेस्कटॉप बोर्डवर चालणार नाही. जुन्या वर्कस्टेशनमधून काढलेल्या पट्ट्यांबाबत हे हमखास घडतं. दुसरं म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी. ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसत नाही. मात्र काही अगदी छोटे डेस्कटॉप आणि ऑल-इन-वन संगणक हीच आखूड पट्टी वापरतात, तेव्हा कॅबिनेटचा आकार छोटा असेल तर आधी खात्री करा.

तिसरं कारण जुन्या डीडीआर३ संगणकांत दिसतं आणि तेच सर्वांत जास्त डोकं खातं. ८ जीबीची डीडीआर३ पट्टी साधारणपणे दोन्ही बाजूंनी भरलेली, १६ चिपची असते. पण तेवढीच क्षमता ८ मोठ्या चिपमध्ये बसवलेल्या पट्ट्याही आहेत, आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतचे कोअर प्रोसेसर त्या दाट चिप नीट ओळखत नाहीत. पट्टी बसते, खाच जुळते, पिढीही जुळते, तरी संगणक सुरू होत नाही. "फक्त एएमडीसाठी" असं सांगून विकल्या जाणाऱ्या डीडीआर३ पट्ट्यांचंही तसंच. इंटेलच्या बोर्डवर त्या घालण्यात वेळ घालवू नका. चिप मोजायला मिनिटही लागत नाही, म्हणून मी ते नेहमी करतो.

बोर्डची मर्यादा

प्रत्येक बोर्डला एकूण किती रॅम पेलते याची हद्द असते. इंटेलच्या जी३१ चिपसेटची (बोर्डवरच्या मुख्य चिपची) कमाल ४ जीबी, एच६१ ची १६ जीबी. बोर्डचं मॉडेल सीपीयू-झेडच्या मेनबोर्ड टॅबमध्ये दिसतं. ते घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावरचं माहितीपत्रक उघडा आणि तीन गोष्टी शोधा: एकूण मर्यादा, एका स्लॉटची मर्यादा, आणि पट्ट्या कोणत्या क्रमाने बसवायच्या ते. बायोसची नवी आवृत्ती असेल आणि तिच्या वर्णनात मेमरी सुसंगततेचा उल्लेख असेल, तर बोर्डची मूळ रॅम त्यावर असतानाच ती आवृत्ती टाकून घ्या. एकीकडे नवी रॅम आणि दुसरीकडे नवं बायोस असे दोन बदल एकत्र झाले तर बिघाड कशाचा हे सांगता येणार नाही.

विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वर काहीही घातलं तरी उपयोग शून्य. आधी ६४-बिट करावं लागेल. विंडोज ७ होम बेसिकलाही ८ जीबीची हद्द आहे.

काढण्याआधी जुन्या संगणकातच तपासा

ही पायरी लोक सर्रास गाळतात. जुना संगणक सुरू होत असेल तर त्यातच रॅमची चाचणी घ्या. विंडोजमध्ये मेमरी डायग्नॉस्टिक नावाचं साधन असतं. स्टार्टमध्ये शोधा, रीस्टार्ट होऊ द्या, ते आपोआप चालतं. याहून कसून तपासणी मेमटेस्ट८६ करतं. ते पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करायचा आणि निदान एक पूर्ण फेरी होऊ द्यायची, जमल्यास रात्रभर चालू ठेवायचं. एकही चूक दिसली तर ती पट्टी हलवू नका. रॅममधली एक चूकही पुरेशी असते. फाइल जतन करताना त्या जागेतून गेली तर ती बिघडलेलीच डिस्कवर जाते, आणि ते तुम्हाला महिन्यांनी कळतं.

जुना संगणक सुरूच होत नसेल तर ही खात्री मिळणार नाही. मग नव्या संगणकात ती पट्टी एकटी बसवून तपासायची, हे लक्षात ठेवा.

ज्यात रॅम घालणार त्या संगणकातल्या महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवा. बायोसमध्ये जाऊन मुख्य पानांचे मोबाइलवर फोटो घ्या, विशेषतः साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआय किंवा आयडीई) काय आहे त्याचा. हा फोटो पुढे कामी येईल.

बंद करणं

स्लीपमधला संगणक बंद नसतो. स्लीपमध्ये रॅमला वीज चालूच असते, कारण तुमचं उघडं काम तिच्यातच ठेवलेलं असतं. हायबरनेट केलेल्या संगणकाची रॅम बदलली तर तो परत जागा होताना अडखळतो. विंडोजचं फास्ट स्टार्टअपसुद्धा अर्धं हायबरनेशनच आहे. म्हणून शिफ्ट दाबून धरून शट डाउन निवडा, म्हणजे संगणक पूर्ण बंद होईल.

मग एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचं बटण बंद करा आणि वायर काढा. फक्त बंद केलेल्या पण प्लगला जोडलेल्या संगणकात बोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळत राहतो. वायर काढल्यावर समोरचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला भार निघून जाईल. बोर्डवर एखादा दिवा लागलेला असेल तर तो विझेपर्यंत थांबा. रॅम काढताना किंवा बसवताना बोर्डमध्ये वीज असणं हे तिला मारण्याचं सर्वांत खात्रीशीर कारण आहे.

अंगातल्या स्थिर विजेचं काय? आपल्याला चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. चिपला इजा व्हायला त्याहून कितीतरी कमी पुरतात, म्हणजे चटका बसला नाही याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही. मनगटाचा पट्टा असेल तर उत्तम. नसेल तर कॅबिनेटच्या न रंगवलेल्या धातूला दर थोड्या वेळाने हात लावत राहा, गालिच्यावर उभं राहून काम करू नका आणि लोकरीचा स्वेटर काढून ठेवा. पट्टी नेहमी कडांना धरा. सोनेरी भागाला बोट लावायचं नाही.

काढणं

कॅबिनेट आडवं टाका, म्हणजे बोर्ड जमिनीला समांतर राहील आणि दाबताना वाकणार नाही. धूळ साठली असेल तर आधी ती साफ करा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ती गरागरा फिरू देऊ नका. स्लॉट उघडण्यापूर्वी फोटो काढा, कुठल्या स्लॉटमध्ये कुठली पट्टी होती ते त्यात दिसलं पाहिजे.

स्लॉटच्या टोकांना क्लिपा असतात, त्या बाहेरच्या बाजूला दाबल्या की पट्टी स्वतःच वर उचलली जाते. काही बोर्डांवर एकाच टोकाला क्लिप हलते आणि दुसरं टोक पक्कं असतं. तिथे जोर करू नका. काही जुन्या बोर्डांवर क्लिप ग्राफिक्स कार्डाला अडते. तेव्हा कार्ड आधी काढा, क्लिप तोडू नका. प्लास्टिकची ती क्लिप तुटली तर पट्टी घट्ट राहण्याची हमी गेली.

काढलेली पट्टी अँटिस्टॅटिक पिशवीत किंवा ती मूळ ज्या पारदर्शक खोक्यात आली त्यात ठेवा. साध्या प्लास्टिक पिशवीत किंवा थर्माकोलवर नको. जुना संगणक पुढे चालू ठेवायचा असेल तर त्यात एक तरी पट्टी राहू द्या, रॅमशिवाय तो सुरू होणार नाही.

सोनेरी कडा काळवंडलेल्या असतील तर बरेच जण खोडरबराने घासतात. त्याने काम होतं हे खरं, पण सोन्याचा थर फार पातळ असतो आणि खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवीच अडचण उभी राहते. माझी पसंती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाला आहे. एकदा हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

कुठल्या स्लॉटमध्ये

दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही. चार असतील तर जागेला महत्त्व आहे. बहुतेक आधुनिक बोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घालतात. बोर्डवर त्यांची नावं ए२ आणि बी२ छापलेली असतात. त्यामुळे ड्युअल चॅनल चालू होतं, म्हणजे प्रोसेसर दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी बोलतो. एकाच रंगाच्या स्लॉटमध्ये घालायच्या हा नियमही बऱ्याच बोर्डांवर लागू पडतो, पण रंगांचे संकेत सगळीकडे सारखे नाहीत. माहितीपत्रक उघडलेलंच आहे, त्यातलं चित्र बघा.

४ जीबी आणि ८ जीबी अशा असमान पट्ट्या असतील तरी घाबरू नका. बहुतेक बोर्ड जेवढा भाग जुळतो तेवढा ड्युअल चॅनलमध्ये आणि उरलेला एकेरी चालवतात. चारही स्लॉट भरताना मात्र वेग खाली येऊ शकतो, डीडीआर५ वर तर चांगलाच. तिथे दोन मोठ्या पट्ट्या चार छोट्यांपेक्षा बऱ्या.

बसवणं

आधी ज्यात बसवायची त्या संगणकातल्या सगळ्या जुन्या पट्ट्या काढून बाजूला ठेवा आणि आणलेली पट्टी एकटीच बसवा. लगेच सगळ्या एकत्र घालायचा मोह होईल, पण एकटी चालली की ती आणि हा बोर्ड जुळतात हे सिद्ध होतं. मग एकत्र घातल्यावर अडलं तर दोष मिश्रणाचा आहे हे लगेच कळतं.

क्लिपा उघड्या करा. पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा समोरासमोर धरा. खाच मध्यभागी नसते, त्यामुळे उलटी पट्टी बसत नाही. सरळ उभी उतरवा आणि दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. क्लिप खट् असा आवाज करून स्वतःच बंद होते. पहिल्यांदा करणाऱ्याला लागणारा जोर अपेक्षेपेक्षा जास्त वाटतो. पण खाच जुळत नसेल तर पट्टी उंचवट्यावर डुगडुगते. तशी डुगडुगली तर थांबा आणि पुन्हा बघा.

शेवटी डोळे बोर्डच्या पातळीवर आणून पाहा. सोनेरी रेघ जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे आणि जी दिसते ती दोन्ही टोकांना सारखी पाहिजे. तिरकी असेल तर पट्टी अर्धवट बसली आहे. अशा अवस्थेत वीज सुरू केली तर पिना जळू शकतात, म्हणून हा अर्धा मिनिट चुकवू नका. प्रोसेसरचा कूलर मोठा असेल तर त्याची कड पट्टीला टेकत नाही ना तेही बघा.

पहिल्यांदा सुरू करताना

कॅबिनेट उघडंच ठेवून वायर लावा आणि सुरू करा. पहिल्या खेपेला नेहमीपेक्षा वेळ लागतो, कारण बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. एखाद-दोनदा तो स्वतः बंद होऊन पुन्हा सुरूही होईल. डीडीआर५ च्या बोर्डवर तर काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. त्या वेळात बटण दाबून बंद करू नका.

डिस्प्ले आला की डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि रॅमचा आकडा बघा. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर सध्या बंद करा. आकडा बरोबर असेल तर बंद करून, वायर काढून, बाकीच्या पट्ट्याही घाला.

डिस्प्ले आलाच नाही तर

सर्वांत आधी मॉनिटरची वायर बघा. ग्राफिक्स कार्ड काढून परत बसवलं असेल तर ती घाईत बोर्डच्या पोर्टला लागलेली असते. ती कार्डालाच हवी. त्यानंतर २४ पिनांचा मोठा वीज कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा छोटा कनेक्टर दाबून बघा. हात आत-बाहेर करताना हे हलतात. विंडोजऐवजी "बूट डिव्हाइस सापडत नाही" असा संदेश आला तर बहुतेक वेळा डिस्कची साटा वायर सैल झालेली असते. रॅमचा त्यात काही संबंध नसतो.

एकसारखे बीप वाजत राहिले तर बोर्ड रॅमची तक्रार करतो आहे. नव्या बोर्डांवर बीपऐवजी डीरॅम नावाचा छोटा दिवा पेटलेला राहतो. वीज काढून पट्टी पुन्हा बसवा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये बघा. तरीही नाही तर मूळची रॅम परत घालून सुरू करा. मूळ रॅमवर संगणक सुरू झाला तर बोर्ड ठीक आहे आणि आणलेली पट्टी त्याला चालत नाही. ती जुन्या संगणकात तपासलेली असेल तर खराब नसून विजोड आहे, हेही आता तुम्हाला माहीत आहे.

मूळ रॅमवरही सुरू झाला नाही तर बायोसची साठवलेली सेटिंग पुसून बघा. वीज काढून, बोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवायची, किंवा माहितीपत्रकात दाखवलेला जंपर जोडायचा. यानंतर तारीख-वेळ चुकेल आणि साटा मोड मूळ पदावर जाईल. जुन्या बोर्डांवर तो एएचसीआयचा आयडीई होतो आणि मग विंडोज निळी स्क्रीन दाखवतं. मगाशी घेतलेला फोटो यासाठीच होता.

आकडा कमी दिसत असेल तर

बायोसमध्ये पूर्ण आकडा आणि विंडोजमध्ये कमी, असं असेल तर दोष पट्टीचा नाही. विंडोज ३२-बिट आहे का बघा. तसं नसेल तर एमएसकॉन्फिग उघडून बूटच्या प्रगत पर्यायांत "मॅक्झिमम मेमरी" वर खूण आहे का बघा. असेल तर काढा. शंभर-दोनशे एमबीपासून एखाद-दोन जीबीपर्यंत कमी दिसणं नेहमीचं आहे, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स तेवढी जागा स्वतःसाठी राखून ठेवतं. बायोसमध्येच एखादी पट्टी गायब असेल तर ती नीट बसलेली नाही किंवा तो स्लॉट खराब आहे. तिथे चालणारी दुसरी पट्टी घालून बघितलं की दोहोंपैकी काय ते कळेल.

सगळ्या पट्ट्या दिसू लागल्यावर मेमटेस्ट८६ पुन्हा चालवा, या वेळी सर्व पट्ट्या एकत्र असताना. एकट्या चालणाऱ्या पट्ट्या एकत्र आल्यावर चुका करतात असं होतं, आणि तेव्हा बायोसमध्ये वेग एक पायरी खाली आणला की बऱ्याचदा निभावतं. वेग खाली आणूनही चुका येत राहिल्या तर एकच जोडी ठेवा, मोठी असेल ती. चाचणी स्वच्छ गेली की हवं तर एक्सएमपी चालू करून आणखी एक फेरी घ्या आणि मगच कॅबिनेटचं झाकण लावा.